एकनाथचा उजवा हात

मी, पद्मिनी एकनाथ सबनीस, वय सदुसष्ट, राहणार रेडमंड, वॉशिंग्टन, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाविना ही व्यवस्था लिहून ठेवत आहे. माझे गुडघे कुरकुरतात, डोके नाही. आधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. घर आणि बँकेतली शिल्लक मुलगी राधिका हिला. कुंडीतला कढीपत्ताही तिचाच. हिवाळ्यात तो आत घ्यावा. तिच्या हातून दोन मेले आहेत, म्हणून लिहून ठेवते.

२. माझे मऊ तळव्यांचे नाचाचे बूट नात आन्याला. तिचा पाय आता माझ्याएवढा झाला आहे.

३. कॉन्ट्रा डान्सचा मला वीस वर्षे नाद होता. समोरासमोर दोन रांगा, दर फेरीला नवे शेजारी, आणि पुढची हालचाल कॉलर, म्हणजे नाच पुकारणारा, माइकवरून सांगतो. असे एकेचाळीस नाच मी रचले. त्यातली खुबी एवढीच, की एक हालचाल संपते तिथून दुसरी आपसूक निघावी. उजवा हात सुटला की डाव्याची पाळी. या नाचांच्या कार्डांची पेटी आमचे कॉलर गुरुनाथ ताम्हणे यांना.

४. त्यांच्यावरचा राग मात्र मी कोणालाही देत नाही. २००२ साली भर हॉलमध्ये त्यांनी माझा ‘एकनाथ’ हा नाच मध्येच थांबवला. म्हणाले, “पद्मिनीताई, इथे हात अडतो. उजव्यानंतर परत उजवा? ट्रान्झिशन स्मूथ नाही.” खरेच होते. पण तो नाच मी स्वयंपाकघरात नवऱ्याबरोबर रचला होता, आणि पक्षाघातानंतर एकनाथचा डावा हात उठत नव्हता. हे मी सांगितले नाही. बूट बदलले आणि घरी आले. पुढच्या वर्षी एकनाथ गेला. गुरुनाथ भेटायला आले, तेव्हा मी दार अर्धेच उघडले. त्यानंतर ना बोलणे, ना नाच.

सहीपूर्वीची दुरुस्ती: दुसरा साक्षीदार आज ऐन वेळी आला नाही. राधिकाने मला न विचारता गुरुनाथना फोन केला, आणि ते पावसात ड्राइव्ह करत आले. ज्याला काही मिळणार तो साक्षीदार नको, असे वकीलबाईंनी बजावले होते. म्हणून कलम ३ मधली देणगी खोडली आणि पेटी त्यांच्या हातातच दिली. ‘एकनाथ’चे कार्ड सर्वांत वर होते. तेव्हा कुठे मी त्या डाव्या हाताचे सांगितले.

त्यांनी ते कार्ड पुन्हा वाचले. मग म्हणाले, “ताई, सांगितलं असतंत तर मी माइक खाली ठेवला असता.”

“माइक खाली ठेवून विचारलं असतंत, तर सांगितलं असतं.”

मग तो नाच करून पाहायला स्वयंपाकघरात राधिकाला शेजारी म्हणून उभे केले. तिला उजवा हात दिला, तो सुटताच गुरुनाथना डावा. हात अडला नाही. मला रडू आले, ते लपवले नाही. कार्डावरची दुरुस्ती मी माझ्या हाताने केली. लोकांना दोन हात आहेत, वापरू दे त्यांना, असे एकनाथच म्हणाला असता.

कलम ४ पूर्ण खोडले आहे.

कलम २ मधले बूट आन्याला जरा उशिरा मिळतील. शुक्रवारी मला लागणार आहेत.

स्थळ: रेडमंड
दिनांक: १४ ऑक्टोबर २००८

सही: पद्मिनी ए. सबनीस

आमच्यासमक्ष सही झाली:
१. कादंबरी चित्रे, शेजारीण
२. गुरुनाथ ताम्हणे, कॉलर