काचेवरचं हिरवं

४ मे, रविवार

शेवाळ परत! मागच्या शनिवारी अर्धा दिवस घालवून टूथब्रशने खडक घासले होते. आज पुन्हा त्यांच्यावर हिरवे केस — बोटभर लांब. सहा वर्षं खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळतोय, असला छळ कधी झाला नव्हता.

चर्चहून आल्यावर आई टाकीसमोर उभी राहिली. "एवढे मासे पाळलेस एपेली, खाणार कधी?" सेरा हसून हसून बेजार. माझ्या बायकोला माझ्यावर हसायला निमित्तच लागतं.

आईने टाकीशेजारची खुर्ची धरली ती धरलीच. मार्चमध्ये बाबा गेले. फिजीत, त्या गावात ती एकटी कशी राहणार? इकडे ऑस्ट्रेलियात, लोगनला घेऊन आलो. आता इथेच राहायचं, मी ठरवलंय. तिला पटायचंय अजून.

६ मे

फॉस्फेट तपासलं. नळीतलं पाणी निळंशार! पाण्यात एवढं खत आलं कुठून? मी दिवसातून एकदा, चिमूटभर घालतो माशांना.

१० मे

ॲक्वेरियमच्या दुकानात कीरनला विचारलं. बघायच्या आधीच म्हणतो, "जास्त खायला घालतोयस."

"अरे चिमूटभर!"

"सगळे हेच म्हणतात."

असा राग आला! तरी त्याच्याकडूनच एक पिवळा मासा घेऊन आलो. शेवाळ खाऊन फस्त करतो म्हणे.

१९ मे

पिवळे महाराज शेवाळाला तोंड लावत नाहीत. दिवसभर आईच्या खुर्चीकडच्या कोपऱ्यात, काचेला नाक लावून. सुटलेत मात्र चांगले. आई म्हणते, "गुणाचा आहे हो."

२१ मे

फिजीतल्या सुवाहून मेरेओनीचा फोन. मोठी बहीण आहे, म्हणजे सुरुवात दरडावूनच. "आई जेवते का नीट?"

"ताट लख्ख असतं!"

"तू बघतोस जेवताना?"

कसा बघणार? सेरा ताट वाढून ठेवते आणि तीनला वृद्धाश्रमात कामावर जाते. मी बस डेपोत लावून घरी यायला साडेसात. तोवर आईचं जेवण झालेलं, ताट धुऊन पालथं. तसं सांगितलं. "शहाणाच आहेस," म्हणाली आणि फोन ठेवला.

१ जून

फिल्टरचं पाणी वापरून झालं. दिवे चार तासांवर आणले. काही फरक नाही. पोवळ्यावर पण चढायला लागलं.

सेरा म्हणते, "तुझा सगळा जीव त्या शेवाळात. आईंचा झगा किती ढगळ झालाय, बघितलास?" मी म्हटलं, तो पहिल्यापासूनच सैल शिवलाय.

१२ जून

शेवटचा उपाय. टाकीवर जाड चादर, तीन दिवस काळोख. आईला बजावलंय — झाकण उघडायचं नाही, काही झालं तरी.

१३ जून

आईचं पोट बरं नाही. ताट तसंच्या तसं.

१४ जून

आजही दोन घासच. उद्या डॉक्टरकडे नेतो म्हटलं, तर "काही नको, थंडीमुळे आहे" म्हणाली.

१५ जून

चादर काढली. शेवाळ निम्म्यावर! आणि संध्याकाळी आईचं ताट पुन्हा लख्ख! एकाच दिवशी दोन्ही! आज झोप लागेल.

२४ जून

शेवाळ परत. हात टेकले.

२८ जून, शनिवार

सगळे खडक बाहेर काढायचे ठरवलं. कोपऱ्यातला मोठा दगड उचलला. खाली बुळबुळीत पांढरं काहीतरी — अळकुडीचा तुकडा. मग दुसरा. मग कोंबडीचं हाड.

माझे मासे काही बाजारात जाऊन कोंबडी आणत नाहीत.

हाड हातात घेऊन किती वेळ उभा होतो कोण जाणे. पाणी कोपरावरून गालिच्यावर टपटपत होतं. आई खुर्चीतच बसलेली. दुसरीकडे बघत होती.

"आई, तू जेवतेस ना?"

"ताट बघतोस ना रोज?"

"ताट बघितलं. आज टाकीपण बघितली."

तिने झगा गुडघ्यांवर सारखा केला. मग म्हणाली, "सेरा मनापासून करते रे. तसंच परत ठेवलं तर तिला काय वाटेल? कचऱ्यात अन्न टाकवत नाही. तिकडे घरी उरलंसुरलं आपण नदीत माशांनाच घालतो की."

ती तीन दिवसांची चादर! टाकी झाकली आणि हिचं पोट बिघडलं. माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही. दोन महिने मी शेवाळ मोजत बसलो आणि आई माझ्या डोळ्यांदेखत वाळत गेली. गाढव आहे मी, गाढव!

२९ जून

क्लिनिकमधल्या काट्यावर उभी केली. नऊ किलो गेलेत. डॉक्टरीण म्हणाली, आजार कसलाच नाही, त्यांना खायला घाला.

घरी येताना गाडीत विचारलं, का गं?

"पंचेचाळीस वर्षं रोज आधी तुझ्या बापाला वाढलं, मग मी जेवले. रिकाम्या घरात घास खाली उतरत नाही." आणि मग, "मला घरी जाऊ दे, एपेली."

"तिकडे तर एकटीच पडशील!"

"एकटी कशी? दारासमोर तर आहे तो."

बाबांना घरासमोरच पुरलंय, नीरफणसाच्या झाडाखाली. पण परत पाठवणार नाही. रात्री-अपरात्री तिला काही झालं तर तो थडग्याचा दगड पाणी आणून देणार आहे का?

२ जुलै

डेपोत जाऊन सकाळची पाळी मागून घेतली. चारला घरी. आता रात्रीचं जेवण आम्ही दोघं एकत्र. आधी मला वाढते, मग चार घास खाते. चार तर चार.

५ जुलै

कीरनला सगळं खरं सांगितलं. "तुझंच बरोबर होतं," म्हणालो — जिवावर आलं होतं, पण म्हणालो. त्याने एक हिरवा झुबका पिशवीत घालून दिला. खालच्या, पाणी गाळायच्या छोट्या टाकीत वाढवायचा, पाण्यातलं खत तो खातो आणि वरचं शेवाळ उपाशी मरतं. "फार वाढला की काप आणि फेकून दे."

घरी येऊन पिशवी उघडली. आई खुर्चीतून ताडकन उठली. "अरे, हे तर नामा!"

खरंच की! लहानपणी ओहोटीला खडकांवरून टोपल्या भरभरून आणायचो. खायचं समुद्रशेवाळ, हिरव्या मोत्यांचे घोस. दुकानात वेगळ्या नावाने ठेवलं होतं, म्हणून मला ओळखू आलं नाही.

२७ जुलै

नामा टाकीभर माजलंय. आईने स्वतः कापलं, तीनदा धुतलं. खोबरं खवलं, लिंबू पिळलं, मिरची चिरली. आधी मला, मग सेराला, मग स्वतःला. दोनदा वाढून घेतलं! दाताखाली कटकट फुटत होतं. तोंड पुसत म्हणाली, "आपल्याकडच्याची चव नाही याला." पण वाटी चाटून पुसून.

कीरनला सांगितलं तर भोवळ येऊन पडेल.

३ ऑगस्ट

नळीतलं पाणी जवळजवळ पांढरं! काच स्वच्छ. पिवळे महाराज उपासाला कंटाळून शेवटी शेवाळ खाऊ लागले. आईचं वजन दीड किलो वर.

मेरेओनीला म्हटलं, रुळली आता. "बघ बाबा," एवढंच म्हणाली.

१० ऑगस्ट, रविवार

चर्चमध्ये आई सगळी गाणी म्हणाली. परत येताना म्हणते, "थडग्यावर पांघरलेलं कापड आता उन्हाने विटलं असेल. कोण बदलत असेल?" मेरेओनी बदलेल म्हटलं, आणि दुसरा विषय काढला.

नामाचा हा चौथा घाणा. शुक्रवारी दुपारचं ताटही लख्ख, सेराने मला डेपोत मुद्दाम फोटो पाठवला. तिकडे सुवाला लगेच पुढे पाठवला. घे!

१७ ऑगस्ट

काचेवर हिरवं. खुर्चीकडच्या कोपऱ्यात.

पाणी तपासलं नाही. आईचं फिजीचं तिकीट काढलं. फक्त जायचं, परतीचं नाही.