पितळी दिव्याची तिसरी पिन

३ एप्रिल
आमच्या जुन्या शेजारच्या शांताकाकूंकडे खोका आला. वंदाच्या नवऱ्याने अमेरिकेहून पाठवला. पोरगी तिकडेच वारली, त्याला आठ महिने झाले, सामान आत्ता. दोन साड्या, एक स्वेटर, दोन टेबललॅम्प. काकूंनी स्वेटर उघडलाच नाही. दिवे मात्र पुसून, मांडीवर घेऊन, ऑटोने आंजीहून थेट माझ्या विजेच्या दुकानात, बोरगावला. या उन्हात.
"गजू, हे पेटले पाह्यजेत. थे याच्याच उजेडात बोले माह्यासंग."
व्हिडिओ कॉलवर, म्हणजे. वंदा माझ्याहून चार वर्षांनी लहान. शाळेत जाताना माझ्या सायकलवर मागे बसायची. जास्त लिहवत नाही.

५ एप्रिल
दिवे खोलले. एक लाकडी, एक पितळी. चपट्या पिना, आपल्या सॉकेटात जातच नाहीत. तिकडची वीज १२०ची, आपली २३०. होल्डरवर २५० लिहिलंय, तो चालेल. बल्ब इथलेच लावायचे. पितळीच्या वायरीत डिमरची गोल चकती, ती फक्त १२०ची. आपल्या विजेवर धूर निघेल. कापली.
लोक बाजारातला अडॅप्टर खुपसतात अन् मोकळे होतात. मी तसं करणार नाही. वंदाचे दिवे आहेत.

८ एप्रिल
तिकडच्या वायरीची एक बाजू गुळगुळीत, दुसरीवर बारीक रेघा. रेघांची ती न्यूट्रल. फेज, म्हणजे करंटची तार, होल्डरच्या मधल्या टोकाला, न्यूट्रल बाहेरच्या आट्यांना. उलटं झालं तर बल्ब बदलताना बोटाला करंट बसतो. लाकडीला एवढं अन् दोन पिना पुरे. पितळी मात्र अख्खा धातूचा. त्याची वायर काढून तीन तारांची ओवली, हिरवी, म्हणजे अर्थिंगची तार बुडाशी स्क्रूने कसली, तीन पिनचा प्लग लावला. नवा डिमर अन् डिमरवर चालणारा एलईडी नागपूरहून आणवला, साधा एलईडी फडफडतो.
दुकानात तपासलं. चोख. कितीतरी दिवसांत इतकं बरं काम हातून झालं नव्हतं. तरी बरं वाटत नाही. काम संपलं म्हणजे वंदाचं आणखी काहीतरी संपलं, असं.

११ एप्रिल
आंजीला जाऊन दिवे लावून दिले. काकूंनी पितळीचा उजेड हळूहळू कमी केला.
"फोन ठेवाच्या आंधी थे असंच करे. मंग म्हणे, झोप आता आई."
परत वाढवला, परत कमी केला. मी चहा न घेताच निघालो, डोळे आवरेनात.
भिंतीवरचा बोर्ड वीस वर्षांपूर्वी मीच बसवलेला. काळा पडलाय, पण टणक आहे. आपल्या हातचं काम.

१९ एप्रिल
परवा वादळात आंजीचा खांब वाकला. आज लाइनमनने तारा जोडल्या म्हणे. दुकानात गिऱ्हाईक नाही. पंख्याच्या मोटरी पुसत बसलो.

२० एप्रिल
काकू वर्ध्याला दवाखान्यात.
काल दिवेलागणीला हातपाय धुतले. वीज आली होती. ओल्याच हाताने बटण दाबून पितळी दिवा धरला अन् कपाळ टेकवायला वाकल्या. दिवे लागले की आपल्याकडे हात जोडतातच. काकू तर दिव्याला शिवून हात कपाळी नेतात, लहानपणापासून पाहतोय. हात चिकटला. कोसळल्या तेव्हा दिवाही ओढला गेला, पिन निघाली, म्हणून जीव राहिला. शेजारणीने सांगितलं. उजवा तळहात जळला, खांदा उतरला.
सौ. म्हणाली, "तुमी तं नीट केलतं ना?"
नीट केलं होतं.

२१ एप्रिल
बोर्ड उघडला. सॉकेटात न्यूट्रलपासून अर्थिंगपर्यंत बोटभर लाल तार. माझाच पीळ. ओळखला.
तेव्हा आंजीत असंच करायचो. अर्थिंगचा खड्डा मुरमात, उन्हाळ्यात कोरडा ठाक. उस्तादांनी शिकवलं होतं, अर्थिंग लागत नसेल तर न्यूट्रलचा तुकडा मारायचा, मशीनच्या अंगावर टेस्टर पेटत नाही. परवा खांबावर तारा उलट्या जोडल्या गेल्या. न्यूट्रलची फेज झाली, तुकड्यातून तिसऱ्या पिनेत, अन् मी कसलेल्या हिरव्या तारेतून दिव्याच्या अंगात. त्या घरात तीन पिनचं दुसरं काहीच नव्हतं. इतकी वर्षं तुकडा नुसता पडून होता.
लाइनमनला शिव्या देऊन पाहिल्या. उपयोग नाही. तिसरी पिन मी लावली नसती तर काकू आज घरी असत्या.

२३ एप्रिल
दवाखाना. सांगायचं ठरवूनच गेलो.
काकूच आधी बोलल्या. "गजू, मी भ्याली नाई. वंदी होती थे. तिनं माहा हात धरला. असा गच्च, सोडूनच नव्हती राह्यली. तुले खोटं वाटते काय?"
नाही म्हणालो अन् तसाच उठलो. खाली येऊन पार्किंगमध्ये रडलो. भेकड आहे मी.

२७ एप्रिल
काकूंची उजवी बोटं मिटत नाहीत. भाकरी थापणं गेलं.
असे तुकडे किती घरांत मारले? कुठे लिहिलेलं नाही. घर घर आठवत अठ्ठावीसपर्यंत गेलो, मग सोडून दिलं. जेवण जात नाही.

२ मे
काकूंच्या परसात अर्थिंगचा नवा खड्डा. पाइप, कोळसा, मीठ, पाणी. तुकडा काढला. गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवला. खांबावरच्या तारा लाइनमनला समोर उभं राहून सरळ करायला लावल्या. दिवा पुन्हा तपासला.
सौ.ला सगळं सांगितलं. तिने भाकरी तव्यावरून उतरवली. मग, "काकूले सांगा." एवढंच. ताट वाढलं.

७ मे
काकू घरी आल्या. दिवेलागणीला मला मुद्दाम बोलावलं. डाव्या हाताने दिवा लावला अन् पितळावर तळवा ठेवला. ठेवूनच बसल्या. उजेड कमी केला, वाढवला, पुन्हा हात ठेवला.
"काईच नाई," म्हणाल्या.
मग माझ्याकडे बघून, "तू काय केलं रे याले? पह्यले होतं तसं करून दे."
"काकू, तसं नाही करता येत."
"काऊन? तूच केलतं ना?"
"हो. मीच."
पुढचं बोलायचं होतं. त्या तशाच बघत होत्या, पोर दारापर्यंत येऊन परत गेल्यासारख्या. उद्या येतो म्हणून उठलो. चपला घालताना मागून आवाज आला, "तुले जमत नसन तं आर्वीच्या मिस्त्रीले सांगीन. थो करून देईन."
लाल तुकडा शर्टाच्या खिशात आहे. सकाळी जाऊन काकूंच्या डाव्या तळहातावर ठेवायचा अन् म्हणायचं, तुमचा हात धरला तो यानं.
एवढंच म्हणायचं. वंदाला त्यांच्या हातातून परत काढून घ्यायचं, मीच.