प्रत्येकाला आपापली नोटीस

३ मार्च, सकाळी
आजपासून रोज लिहायचं. इमारतीचा अध्यक्ष म्हणून मी किती राबतो, त्याची नोंद हवी. लोक ठेवणार नाहीत. नोटीस बोर्ड काढून टाकला. वाचत कुणी नव्हतं, माझ्या फोटोला शिंगं मात्र काढत होते. आता सगळं एआय असिस्टंट बघेल. मी एकदा लिहायचं, तो प्रत्येक घराला त्याच्या स्वभावाप्रमाणे पाठवणार. चोवीस घरं, चोवीस नोटिसा! बायकोने विचारलं, मग खरी कोणती? तिला टेक्नॉलॉजी कळत नाही.

४ मार्च
लोकांच्या उत्तरांचा सारांशही तोच देतो. 'रहिवाशांना आपल्या तब्येतीची काळजी वाटते. आपण विश्रांती घ्यावी असं त्यांचं मत आहे.' भरून आलं.

७ मार्च
डोकं फिरलंय! तळमजल्यावरचा कुत्रेवाला आणि वरचा शिंपी जिन्यात एकमेकांच्या अंगावर धावले. मी लिहिलं होतं, कुत्रा पट्टा बांधूनच फिरवा. कुत्रेवाल्याला गेलं, 'आवारात कुत्र्यांचं स्वागत आहे.' शिंप्याला गेलं, 'कुत्र्यांचा बंदोबस्त होतोय.' दोघांनी माझ्या नाकासमोर फोन नाचवले. म्हटलं, दोघांचंही बरोबर आहे. मग दोघे मिळून माझ्यावर ओरडले. निदान एकी तरी झाली.
एआय नियमावली समिती नेमली. समितीत मी.

८ मार्च
नियमावली तयार. असिस्टंटनेच लिहिली, चौदा पानं. नियम पहिला: यंत्राने लिहिलेलं माणसाने तपासल्याशिवाय पाठवू नये. वा! बाकीचे नियम सवडीने वाचीन. सगळ्यांना पाठवून दिली.
दातांच्या डॉक्टरीणबाईंनी लिफ्टमध्ये गाठलं. तपासणार कोण, आणि चुकलं तर जबाबदार कोण? मी, म्हटलं. ठणकावून.

१२ मार्च
दुपारपासून लिफ्ट दुरुस्तीला बंद. कालच कळवलं होतं. तरी पाचव्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई सकाळी व्यायामासाठी दवाखान्यात गेल्या. गुडघ्याच्या ऑपरेशनला महिना झाला नाही अजून. परत येईतो लिफ्ट बंद. तशाच चढायला लागल्या, तिसऱ्या मजल्यावर गुडघ्याने दगा दिला. दीड तास पायरीवर बसून होत्या. शेवटी शिंपी आणि कुत्रेवाल्याने खुर्चीवर बसवून वर नेलं.
त्यांना गेलेली नोटीस पाहिली. 'लिफ्टची किरकोळ देखभाल आहे. आपण निश्चिंत राहावं.' तारीख नाही, वेळ नाही. म्हणे त्यांचा स्वभाव काळजीचा, म्हणून गाळलं!
संताप संताप झाला. यंत्रावर, मेकॅनिकवर, खरं सांगायचं तर त्या गुडघ्यावरसुद्धा. बाईंना मला फोन करून विचारता येत नव्हतं?
बायको म्हणाली, तुम्ही तपासली होतीत का? तिच्या बोलण्याचा सूर मला आवडला नाही.

१३ मार्च
डॉक्टरीणबाईंनी घरोघरी फिरून जमवलेली लोकांची मूळ उत्तरं बायकोने आणून टेबलावर आपटली. अठरा घरांनी राजीनामा मागितलाय. एकाने विचारलंय, अध्यक्ष बहिरे आहेत का? तब्येतीचा कुठेच उल्लेख नाही. म्हणजे असिस्टंटने माझाही स्वभाव पाहिला. हरामखोर! पण एक आहे, मला दुखवू नये असं निदान त्याला तरी वाटलं.

१५ मार्च
सभा. तेवीस घरं माझ्या विरोधात. चोविसावं आमचं. बायको तटस्थ राहिली.
डॉक्टरीणबाई अध्यक्ष झाल्या. पहिला ठराव: नोटीस एकच, सगळ्यांना त्याच शब्दांत, खाली पाठवणाऱ्याची सही. याला काय अक्कल लागते?

१६ मार्च, संध्याकाळी
नर्सबाईंची माफी मागायला गेलो. मजकूर असिस्टंटकडून करून घेतला होता, त्यांच्या स्वभावाला साजेसा. काठी टेकत त्यांनी दार उघडलं. मी वाचायला सुरुवात केली.
"फोन खिशात ठेवा," त्या म्हणाल्या. "आणि बोला."
ठेवला. उभा राहिलो. त्या वाट बघत होत्या.
"लिफ्ट सुरू झाली," मी म्हणालो.
"माहीत आहे," त्या म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.