काका चांगले पोहतात

३ मार्च

ती. अक्कास सा. न. वि. वि. डाव्या तळपायाला पट्टी बांधलेली असल्यामुळे नमस्कार खुर्चीतूनच केला आहे, तो गोड मानून घ्यावा.

तू बजावलं होतंस की पोराला निदान एकदा डोळ्यांनी बघ आणि मग नाही म्हण. बघून आलो. नाही. एवढ्यावरच पत्र संपवणार होतो, पण तू कारणं विचारशील.

रविवारी नावेच्या तिकिटाच्या खिडकीत आमची कन्या नसते, तुझ्या घरी असते, म्हणून रविवारीच त्या बेटावरच्या एक दिवसाच्या सहलीला गेलो. टोपी, काळा चष्मा, आणि कोणी विचारलंच तर मी वह्यांचा व्यापारी. नावेत चाळीस माणसं. निम्म्यांना पोहता येत नव्हतं आणि फोटो मात्र सगळ्यांना काढता येत होते. अंगात नारिंगी जाकीट, पायात रबरी बदकपाय, तोंडात श्वासाची नळी. काचेवर वाफ धरू नये म्हणून तिच्यात थुंकायचं आणि तीच डोळ्यांना लावायची. हे सगळं कशासाठी, तर मासे बघायला. मासे आमच्या दाताच्या डॉक्टरकडे पेटीत फुकट दिसतात.

आणि तुमचा हा पोरगा. रंग उडालेला बनियन, पाय अनवाणी, केस मिठाने ताठ. धंदा काय, तर लोकांना बोटाने मासे दाखवणे. पाण्यातलं प्रवाळ दाखवून म्हणतो, हा दगड नाही, जिवंत आहे, यावर पाय ठेवायचा नाही. दगडाला जिवंत म्हणणाऱ्याला मी मुलगी द्यायची? वर उर्मट. माझ्या वयाच्या माणसावर चारचौघांत ओरडताना त्याची जीभ अडखळली नाही. तीस वर्षं तरणतलावावर मास्तरकी केली, मला पाण्यातल्या गोष्टी हा शिकवणार.

पायाची काळजी करू नकोस, शिंपल्याने जरा कापलं आहे. लोभ आहेच, तो या नकाराने कमी होऊ देऊ नकोस.

तुझा धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. कान हाताशी असता तर आधी तो पिळला असता.

तुझं पत्र तुझ्या लेकीने वाचलं आणि ती धुणं वाळत घालायला गेली. संध्याकाळी मला म्हणाली, आत्या, बाबा नाही म्हणाले तर मी याच्याशी लग्न करणार नाही, आणि दुसऱ्या कोणाशीही करणार नाही. मुलगी तुझीच आहे, म्हणजे ती हे करून दाखवील.

म्हणून मी त्या पोराला घरी बोलावलं. तू वह्यांचा व्यापारी आहेस यावर त्याचा क्षणभरही विश्वास बसला नव्हता. तुझा फोटो त्याने पाहिलेला आहे, आणि शिवाय नावेवर चढल्या चढल्या तू चाळीस माणसांना उंचीप्रमाणे रांगेत उभं केलंस. वह्यांचे व्यापारी असं करत नाहीत. पण तू त्याला भेटण्याआधीपासूनच पाण्यात पाहत होतास, तेव्हा तुला हे कुठून सुचायला.

म्हणे शिंपल्याने कापलं. पडलो तरी नाक वर. तू त्या प्रवाळावर उभा राहिलास, आणि तसं करू नका म्हणून त्याने तीनदा सांगितलं होतं. मोडलेलं पुन्हा वाढायला किती वर्षं लागतात तेही त्याने मला सांगितलं, पण तुला लाज वाटणार असती तर लिहिलं असतं. मी विचारलं, अरे, होणाऱ्या सासऱ्यावर ओरडलास? तर म्हणाला, काकांना वाईट वाटलं असेल तर माफी मागतो, पण पुन्हा उभे राहिले तर पुन्हा ओरडेन. आणखी काय काय झालं म्हणून मी खोदून खोदून विचारलं. म्हणाला, आणखी काही नाही, आत्या. काका चांगले पोहतात.

आता नीट कारण लिही. बनियन आणि केस ही कारणं नव्हेत. लोभ असू दे, आणि जमलं तर अक्कलही.

तुझी अक्का

१४ मार्च

ती. अक्कास सा. न. वि. वि. या वेळी उभं राहून.

तुझं पत्र चारदा वाचलं. चारही वेळा त्या पोराच्या शेवटच्या वाक्यापाशी अडलो.

मी तीस वर्षं ज्या पाण्यात उतरतोय त्याला फरशीचा तळ आहे. दमलात तर उभे राहा, हेच मी पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो. समुद्रात मी त्या रविवारी जन्मात प्रथम उतरलो. त्या पोराची पाठ वळल्यावर जाकीट काढून ठेवलं. ते पोहता न येणाऱ्यांसाठी असतं, असं शेजारच्या दोन बायकांना ऐकवलंही. थोडं पुढे गेलो आणि प्रवाळ एकदम संपलं. खाली काहीच नव्हतं, नुसतं निळं. नळीत पाणी शिरलं, मी मागे वळलो आणि पायाला जे लागलं त्यावर उभा राहिलो. तो ओरडला तो तेव्हा.

मी दचकलो, पाय घसरला आणि पुन्हा त्या खोल पाण्यात गेलो. अक्का, मग मी बुडत होतो. त्याच्या गळ्याला मिठी मारली, त्यालाही खाली ओढलं, त्याच्या खांद्यात नखं रुतवली. तोंडाने आई आई म्हणत होतो, ते माझं मलाच ऐकू येत होतं. त्याने मला उताणं केलं, हनुवटीखाली हात घातला आणि नावेच्या ज्या बाजूला कोणी नव्हतं तिकडून शिडीपाशी नेलं. म्हणाला, काका, दम खा, मग स्वतःच्या पायांनी वर चढा.

मला वाटलं, आता हा घरोघर सांगत सुटणार. त्याने सांगण्याआधी त्याला उर्मट ठरवून टाकावं, म्हणून ते पत्र घाईघाईने लिहिलं. आमच्या तलावावर मी कोणाला बाहेर काढलं तर आठवडाभर तेच सांगत फिरतो. याने तुला सांगितलं नाही, आणि जिच्याशी लग्न करायचं तिलाही सांगितलं नाही. मला स्वतःची किळस आली.

बनियनबद्दल माझं मत कायम आहे. मासे दाखवणं हा धंदा नव्हे, हेही कायम. पण माझा होकार आहे. नुसता होकार कळवू नकोस, हे पत्र तिला मोठ्याने वाचून दाखव, आई आई म्हणालो तेसुद्धा. ती त्याला विचारील, आणि तो म्हणेल, असं काही झालंच नाही. या एका बाबतीत तो खोटं बोलतो म्हणावं, विश्वास बाबांवर ठेव.

लोभ उरला असेल तेवढा राहू दे.

तुझा धाकटा