गटारातून खाडीपर्यंत

११ जुलै
सोनूकाकींची — कल्पिताच्या आईची — शिंपल्यांची अख्खी पाटी आज बाजारातून परत आली! गिऱ्हाईकं म्हणे, ऑइलचा वास येतो. पावसाळ्यात मासेमारी बंद, त्यांचं घर शिंपल्यांवरच चाललंय. कल्पिता थेट गॅरेजवर आली. मला वाटलं, मला भेटायला!
"तुमचं गटार कुठं जातं रे?"
"मी काय गटाराचा मालक आहे?" — का बोललो असं? ती भिजतच निघून गेली.

१२ जुलै
भर पावसात गटाराच्या कडेकडेनं चालत गेलो. गॅरेज, मसोलीचा रस्ता, मोरी — आणि सरळ खाडी. सगळ्या रस्त्याचा मळ त्यात, पण तो रंगीत तवंग आमच्याच दारातून निघालेला. काकी चिखलात बसून शिंपल्या काढतात, तिथंच पोचतो.
गाडी धुतली की काम संपलं, असं मी समजत होतो.

१३ जुलै
मालकांशी भांडलो. मनिषभाई म्हणाले, "कॉलेज अर्धवट सोडून आलास, आता मला शिकवणार?" पाना आपटला मी! मग म्हणाले, "एवढं आहे तर खड्डा तूच खोद." खोदला. गाड्या आता मागं धुवायच्या. खड्ड्यात तेल वर तरंगतं, ते काढून घ्यायचं. इंजिनचं काळं ऑइलही पिंपात. हाताला फोड आलेत. दाखवू कुणाला?

१९ जुलै
पिंप भरलं. एवढ्या ऑइलचं करायचं काय? एकदम सुचलं — कल्पिताच्या बाबांची होडी खाडीकाठी ओढून ठेवलीय, आणि होडीच्या लाकडाला तेल पाजतात ना! दोन कॅन घेऊन गेलो. मोरूकाकांनी कॅन बघितले, मग मला बघितलं.
"बरं, ठेव."
कल्पिता काहीतरी बोलणार होती. काकांनी तिला चहा करायला पाठवलं.

२५ जुलै
अमावास्येचं उधाण. काकांनी माझं ऑइल होडीला लावलं होतं. पाणी होडीपर्यंत चढलं, आणि होडीभोवती तवंग! गटारातून यायचा त्याहून जाड! गटारात अडवलेलं ऑइल मीच हातानं खाडीत नेऊन दिलं. वा रे शहाण्या. रानशेतच्या भातशेतीतला पोरगा मी, होडीतलं मला काय कळतं! काकांना जाऊन सांगितलं, होडी घासून देतो म्हणालो. "उद्या ये." एवढंच. संपलं सगळं.

२६ जुलै
होडी घासली. निघालेलं सगळं गोणपाटावर झेललं. कल्पिता शेजारी बसून हसत होती — "बाबा असलं ऑइल कधीच लावत नाहीत. परत करा म्हटलं मी. तर म्हणे, जावयानं पहिल्यांदा काही आणलंय, परत कसं पाठवू?"