माझ्या पायांतली प्रचंड सुधारणा

४ जानेवारी
साखर वाढली. डॉ. उमैमाने (शेजारच्या अबूबकरची लेक, माझीच विद्यार्थिनी) डोळे मिटायला लावले, तळव्याला नायलॉनचा दोरा टेकवला, कळलं की हो म्हणा म्हणाली. मी अंदाजाने हो म्हणत गेलो. दोरा टेकलेलाच नसतानाही म्हणालो, असं निघालं. प्रश्नच फसवे. निकाल: रक्ताभिसरण मंद, संवेदना कमी. अनवाणी फिरू नका, तळवे रोज तपासा, नाहीतर एखादं बोट गमवाल. शाळेतही ही अशीच घाबरट होती. तरी बोटाचं मनाला लागलं. उद्यापासून व्यायाम.

५ जानेवारी, सकाळी ६
फार थंडी. उद्यापासून.

९ जानेवारी
आरंभ. उमैमाचं ते टाचा वर-खाली करणं पोरकट आहे. दवात अनवाणी चालणं हा माझा स्वतःचा उपाय. परसात फेऱ्या मारल्या. सुचेता म्हणाली, निदान चपला घाला. हिला शास्त्र कळत नाही.

१५ जानेवारी
प्रचंड सुधारणा. पूर्वी पाय जळायचे, आता गप्प. खडेसुद्धा टोचत नाहीत. काल संक्रांत. प्रकृती इतकी सुधारल्यावर तिळाच्या लाडवाला नाही म्हणणं उद्धटपणा ठरला असता. सुचेता तळवे बघू म्हणते. निवृत्त मुख्याध्यापकाने बायकोपुढे पाय वर करून बसायचं?

२० जानेवारी
कर्जतच्या ज्येष्ठ नागरिक संघाने माझं व्याख्यान ठेवलं (मीच सुचवलं). 'मधुमेह आणि माझे पाय', प्रात्यक्षिकासह. खालापूरहूनही माणसं बोलावली. अबूबकरला सांगितलं, लेकीला पहिल्या रांगेत बसव. तो म्हणाला, नाना, तुमी आधी पायात कायतरी घाला. बाप तशी लेक.

२६ जानेवारी, संध्याकाळ
मंचभर अनवाणी फिरत बोललो. सगळे एकटक माझ्या पायांकडे बघत होते. भारावले असावेत. शेवटी चिटणिसांची सून प्रणिता नमस्काराला वाकली. मी आशीर्वादाला हात उचलला. ती वाकलेलीच राहिली. मग हळूच म्हणाली, काका, रक्त येतंय.

फलक लावताना पडलेली ड्रॉइंग पिन. टाचेत पार टोपीपर्यंत रुतलेली. मागे मंचभर माझे लाल ठसे, दिवाळीत उंबऱ्याशी लक्ष्मीची पावलं काढतात तसे.

उमैमाने पिन काढली, जखम धुतली, पट्टी बांधली. दुखलं का विचारलं. नाही म्हणालो. दुखायला हवं होतं, असं आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं. खरंच घाबरलो.

घरी आल्यावर न सांगता सुचेतापुढे पाय वर केले. तिने चष्मा लावला. दुसऱ्या तळव्यात बाभळीचा काटा निघाला. कधीचा, विचारलं तिने. मला सांगता आलं नाही.