साहेबांचे भाषण पूरक वाचनाला लावल्याबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी साहेब,
शिक्षण कार्यालय, दुसरा मजला.

विषय: दहावीच्या उत्तरपत्रिकांचा सीलबंद गठ्ठा न उघडता परत मिळणेबाबत.
संदर्भ: नेमलेल्या नाटकासोबत पूरक उतारा वाचून घेण्याविषयीचे आपले परिपत्रक.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, गठ्ठा अद्याप फोडला नसेल तर हा अर्ज वाचून होईपर्यंत फोडू नये.

१. नेमलेल्या नाटकातला राजा दरबाराबाहेरच्या घंटेचा लोलक काढून घेतो आणि म्हणतो, "घंटा वाजली नाही, म्हणजे प्रजा सुखी आहे." नाटक आपल्याच कार्यालयाने नेमले आहे, त्यात माझा हात नाही. जोडीचा उतारा मात्र शिक्षकाने निवडायचा असतो. माझ्या आधीच्या सरांनी अंधारावरची एक कविता निवडली. त्यांची बदली झाली; कुठे, ते त्यांच्या बायकोलाही नीट सांगता येत नाही. तेव्हापासून माझी पाचावर धारण बसली आहे.

२. मी प्रथम मधमाश्यांवरचा लेख निवडला. पोळ्यातली राणी बदलली जाते, म्हणून मुख्याध्यापकांनी तो फेटाळला. मग प्रेशर कुकरचे माहितीपत्रक दिले. वाफ कोंडली की शिटी होणारच, या वाक्याखाली त्यांनी लाल रेघ ओढली. शेवटी तेच म्हणाले, साहेबांचे बक्षीस समारंभातले भाषण घ्या, त्याला कोण नावे ठेवणार? मी निर्धास्त झाले.

३. भाषणात आपण म्हणाला होता, "यंदा एकही तक्रार आली नाही, यातच सर्व आले." मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "बाई, हे राजाने साहेबांचं घेतलं, की साहेबांनी राजाचं?" वर्ग हसला. मी हसले नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

४. नाटक व उतारा यांची तुलना हा प्रश्न शाळेच्या सराव परीक्षेत सक्तीचा आहे. त्या मुलीने लिहिले की, आपल्या कार्यालयाच्या दारातल्या तक्रारपेटीची फट रंगकामात बुजली आहे, आणि हे तिला आईने सांगितले. आई आपल्याच कार्यालयात झाडलोट करते. घरात मिळवती ती एकटीच. उत्तर चोख होते, म्हणून मी पैकीच्या पैकी गुण दिले. गठ्ठा फेरतपासणीसाठी आपल्याकडे रवाना झाला आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही.

५. उत्तरपत्रिकेवर पूर्ण नाव घालायची शिस्त माझीच. आपले मत आपल्या नावाने मांडावे, हेही मीच शिकवले. साहेब, मला फार भीती वाटते, आणि ती माझ्यापुरती नाही. गठ्ठा परत देणे शक्य नसेल तर सर्व उत्तरे माझी धरावीत. मुलांना मीच तसे शिकवले. सामान बांधून ठेवले आहे.

अर्ज पेटीत टाकता आला नाही, म्हणून समक्ष आणला आहे. मी बाहेर बाकावर बसले आहे. कृपया याची तक्रार म्हणून नोंद करू नये. यंदाही एकही तक्रार आलेली नाही.

आपली आज्ञाधारक व घाबरलेली,
(सही)
भाषाशिक्षिका, इयत्ता दहावी
दिनांक: आजचाच

सोबत: कुकरचे माहितीपत्रक (शिटीचा मजकूर खोडून).